अक्कासाठी हृदयाचा डॉक्टर: पेण ते रोहा

कोकणात जाऊन आले म्हटलं की सोलापुरातली माणसं पहिला प्रश्न विचारतात, "समुद्र कसा होता?" समुद्र मी पाहिलाच नाही. मी पाहिले ते पेण आणि रोह्यातल्या दवाखान्यांचे बाक, विम्याच्या खिडकीमागच्या मुली, आणि भरतीला बांधापाशी येऊन थांबणारं खाडीचं पाणी. कोकण म्हणजे आंबा, फणस आणि किनारा, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. वाचून कुणी सहलीला जाईल असं मात्र वाटत नाही.

गेले ते अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे अण्णा सरकारी कारकून, आणि खाऱ्या पाण्याला अडवणाऱ्या बांधांचं काम पाहणाऱ्या कचेरीत त्यांची दोन वर्षं पेणला बदली झाली होती. त्या दोन वर्षांत अक्काने खाडीकाठच्या एका गावातला शेतकरी मुलगा स्वतःच पसंत केला. जात वेगळी, बोली वेगळी, घरात मीठ पिकतं आणि तांदूळ पिकतो, एवढीच काय ती इस्टेट. अण्णा लग्नाला गेले नाहीत. आईने मला चोरून पाठवलं. मी अकरा वर्षांची होते, आणि माहेरची म्हणून त्या मांडवात मी एकटीच होते. नंतर अण्णांनी बदली मागून घेतली, आम्ही सोलापूरला परतलो आणि अक्का खाडीकाठी राहिली. पन्नास वर्षं तिची पत्रं येत, पुढे फोन येत. मजकूर एकच: आम्ही सर्व खुशाल.

या थंडीत तिच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. तो रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत आहे आणि बायकोमुलांसह तिथल्याच वरसे गावात राहतो. भाऊजी गेल्यापासून अक्का खाडीकाठच्या घरी एकटीच असते. "मावशी, आई बांध चढताना मधेच उभी राहते. छातीवर हात ठेवते. विचारलं तर काय नाय म्हणते. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तिचं नाव हाय, पण हार्टचा डॉक्टर इकडं कोण, आणि कार्ड कुठं चालतंय, ता बघायला मला सुट्टीच नाय. शिफ्टवर शिफ्ट चालू हाय."

मी म्हटलं, मी येते. नगरपालिकेच्या पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीवर मी एकतीस वर्षं काढली आहेत. खिडकीच्या आतलं माणूस कधी खोटं बोलतं आणि कधी नुसतंच कंटाळलेलं असतं, हे मला चेहऱ्यावरून कळतं.

पण खरं सांगते, मनात दुसरंच होतं. हे गेल्यापासून मी एकटी आहे. मुलगा पुण्यात. मागची खोली रिकामी, तिथे मी नवी गादी घालून ठेवली होती. पेण-रोह्यात डॉक्टर मिळाला नाही, कार्ड चाललं नाही, तर अक्काला सोलापूरला आणायचं, उपचार करायचे आणि मग जाऊच द्यायचं नाही, असा माझा बेत. डॉक्टर मिळू दे म्हणून मी देवाला हात जोडत होते आणि मिळू नये म्हणूनही. त्या बिचाऱ्याने ऐकायचं तरी कुठलं?

खारपाट, बुधवार

पेणहून गावाकडे जाणारी रिक्षा बांधावरूनच जाते. एका बाजूला कापणी झालेली भातशेती, दुसऱ्या बाजूला चिखल, तिवरांची झुडपं आणि खाडी. खाऱ्या मातीच्या या पट्ट्याला खारपाट म्हणतात. आमच्याकडे आता ज्वारी हुरड्याला आली असेल, रानभर हिरवं असेल. इथे एकच पीक, भात निघालं की जमीन पावसापर्यंत उताणी पडून राहते.

अक्का दारातच उभी होती. सडसडीत, काळवंडलेली, नऊवारीचा ओचा वर खोचलेला. मला पाहून तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर ओरडली. "इतक्या लांब कशाला आलीस गो? मना काय झालाय?"

तिच्या तोंडची ती बोली मला दर वेळी परकी वाटते. ही माझी अक्का, जिने मला "बाळा, गप झोप की" म्हणत थोपटलं, तिच्या जिभेवर आता सोलापूरचं एक अक्षर उरलेलं नाही. मी आणलेली शेंगाचटणी तिने बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "तिखट हाय गो!" लहानपणी ती हीच चटणी मुठीने खायची.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि शेजारच्या हिराबाईंनी आणून दिलेली खाडीतली कोळंबी. हिराबाई म्हणजे अक्काहून चार वर्षांनी लहान, मिठागरावर जन्म काढलेली बाई. आवाज असा की समोरच्या काठावरचा माणूस वळून बघेल. त्यांनी मला नमस्कार केला, माझं ताट बारकाईने पाहिलं आणि विचारलं, "उद्या किती वाजता निंगायचा?"

मी म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता, मी आहे ना.

"त्रास कसला? दवाखान्यात दोघंच कवा जातात काय?" हिराबाई हसल्या. त्यांच्या गावात दवाखान्यात शेजारीण बरोबर जातेच. विचारायची पद्धत नाही आणि नको म्हणायची तर नाहीच. मला ते जरा खटकलं. पन्नास वर्षांनी बहीण वाट्याला येणार, त्यातही वाटेकरी.

पेण, गुरुवार

प्रशांतने विम्याचं कार्ड आणि मान्य दवाखान्यांची यादी फोनवर पाठवली होती. यादीतला पहिला नंबर लावला. "बोला, जाडे पायजेत का पातळ?" मी म्हटलं, हृदयाचे डॉक्टर आहेत का? पलीकडून आवाज आला, "बाई, ही पोह्यांची गिरणी हाय." पेणला येऊन मी पहिली चौकशी केली ती पोह्यांची.

दुसऱ्या पत्त्यावर रिक्षाने गेलो. मोठी पाटी, स्वच्छ पायऱ्या, आत गेलो तर बाकावर सगळ्या पोटुशा मुली. एकीने उठून अक्काला जागा दिली आणि आजूबाजूच्या दोघींनी सुनेला कुठे ठेवलंत म्हणून विचारलं. ते प्रसूतिगृह निघालं. यादीत नाव बरोबर, कार्डही चालतं, फक्त बाळंतपणाला. अक्का इतकी हसली की पदराने डोळे पुसले. "कुसु, आता ह्या वयात व्हय गो?" मीही हसले. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बहिणी अशा पोट धरून हसत होतो आणि मला वाटलं, हेच, हेच मला रोज हवंय. संध्याकाळचा चहा घेताना हिने असं काहीतरी बोलावं आणि मी हसावं. माझं मागणं काही फार मोठं नव्हतं.

तिसरा दवाखाना खरा होता. तिथे हृदयाचे डॉक्टर बाहेरून येतात, पण मंगळवारी. खिडकीतल्या मुलीने कार्ड पाहिलं आणि मान हलवली. "ही पॉलिसी आमच्याकडं कॅशलेस होत नाय. आधी भरा, मग बिलं कंपनीत लावा." मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती खरं बोलत होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. बाहेर येऊन मी अक्काला म्हटलं, "बघ, इथं काही सोय नाही." माझा आवाज मलाच फार उत्साही वाटला. अक्काने रस्त्यावरच्या बाईकडून पापडांचं पुडकं घेतलं आणि माझ्या पिशवीत कोंबलं. पेणचे पापड घेतल्याशिवाय पाहुण्याला जाऊ द्यायचं नाही असा तिचा नियम.

दुपारी मी तिला मी लहानपणी राहिलेली गल्ली दाखवायला सांगितली. गल्ली होती, घर नव्हतं, तीन मजली इमारत होती. त्या जागी उभं राहून अक्का म्हणाली, "इथं तू पडलीस, गुडगा फुटला. मी उचलून आनली." संध्याकाळी गावी परतल्यावर बांधावर चढताना ती दोनदा उभी राहिली. दोन्ही वेळा खाडीकडे बोट दाखवून कुठला तरी पक्षी दाखवला. मला पक्षी दिसला नाही.

रोहा, शुक्रवार

यादीत एकच नाव उरलं होतं, रोह्याचं. प्रशांतच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की तिथे दर शुक्रवारी पनवेलहून हृदयाचे डॉक्टर येतात. सकाळची एसटी धरली. वडखळला गाडी अर्धी रिकामी झाली, अलिबागकडे जाणारी माणसं उतरली. पुढे नागोठण्यानंतर खारपाट मागे राहतो, डोंगर जवळ येतात आणि शेतांत वालाचे हिरवे चौकोन दिसू लागतात. हिराबाई खिडकीतून ते पाहत म्हणाल्या, "ह्यांचा बरा हाय. गोड पानी, दोन पिका." अक्का मात्र डोळे मिटून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि हवा थंड होती.

दवाखाना लहान, पण भरलेला. धाटावच्या कामगारांचे आईबाप बरेच दिसले. फायली मांडीवर, डबे बाकाखाली. आधी ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख काढला, मग दीड तास बसवलं. डॉक्टर चाळिशीचे, हसरे, मूळचे नागोठण्याकडचे. मी अक्काला घेऊन आत गेले आणि तिची फाईल समोर ठेवली. हिराबाई बाहेर बसल्या.

"चालताना छातीत दाटतं का मावशी?"

"नाय."

"हात दुखतो? दम लागतो?"

"नाय हो. बरी हाय मी."

"मग आलात कशाला?"

अक्काने माझ्याकडे बोट केलं. "ही घेऊन आली. हिला काळजी फार."

डॉक्टरांनी आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही कोण यांच्या?"

"धाकटी बहीण. सोलापूरहून आले."

"म्हणजे माहेरच्या." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही रागावू नका, पण जरा बाहेर बसा. आणि त्या दुसऱ्या मावशी आल्यात ना, त्यांना आत पाठवा."

माझा चेहरा पडलेला त्यांनी पाहिला असावा. दारापर्यंत येऊन हळूच म्हणाले, "आमच्या आईचंही असंच होतं. इकडच्या बायका माहेरच्या माणसापुढे दुखणं काढत नाहीत. सासर बरं नाही असा अर्थ होतो त्याचा. तुम्ही समोर असाल तोवर यांना काहीच होत नसणार."

मी बाहेर येऊन बसले. हिराबाई पदर सावरत आत गेल्या. दार लोटलेलं होतं, शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता. आणि तो हिराबाईंचा नव्हता, अक्काचा होता. ती बोलत होती. थांबत नव्हती. मधेच हुंदका, मग पुन्हा बोलणं. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी जन्मभर लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या, आणि माझ्या सख्ख्या बहिणीची एक तक्रार माझ्यापर्यंत कधी पोचली नव्हती. मला हिराबाईंचा इतका हेवा वाटला की लाज वाटली.

बसवेना म्हणून मी विम्याच्या खिडकीशी गेले. तिथली मुलगी चटपटीत होती. कार्डाचा नंबर टाकला, एक फोन केला, दोन वेळा "व्हय, व्हय" म्हणाली आणि मला सांगितलं, "डिपेंडंटमध्ये नाव हाय आजींचं. ॲडमिट केलं तर इथं कॅशलेस होतं. ॲंजिओग्राफी पनवेलला ह्याच डॉक्टरांच्या हॉस्पिटलात होते, तिथं पण चालतंय." मग फॉर्मवर मी लिहिलेला माझा पत्ता पाहून म्हणाली, "तुम्ही सोलापूरला नेणार का? तिकडची पण दोन हॉस्पिटलं दिसतायत यादीत. कुठंबी करा."

कुठंबी करा. म्हणजे आता निकाल कार्डाकडे नव्हता.

डॉक्टरांनी मला बोलावलं तेव्हा अक्का डोळे पुसून खिडकीबाहेर बघत होती. दुखणं दिवाळीपासूनचं. बांध चढताना छाती आवळते, डावा हात जड होतो, पाण्याची कळशी आणताना तीन ठिकाणी बसावं लागतं. गेल्या महिन्यात चुलीपाशी भोवळ आली होती, ते प्रशांतलाही माहीत नव्हतं, हिराबाईंनाच माहीत. "ॲंजिओग्राफी आठवड्याभरात करू. लांबवायची नाही. कुठे करायची ते तुम्ही ठरवा."

वरसे, त्याच दिवशी

प्रशांतचं घर जवळच, त्याच्याकडे जेवायला गेलो. सुनेने घावन आणि वालाच्या शेंगांची भाजी केली होती, पण माझा घास फिरत होता. प्रशांत दुपारच्या पाळीला निघून गेला, सून मुलाला शाळेतून आणायला गेली. हिराबाई ओटीवर आडव्या झाल्या. मी आणि अक्का कुंडलिका नदीच्या दिशेने जरा चाललो, अगदी हळू, आणि एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो.

अक्काने विचारलं, "घेतात का गो कार्ड इथं?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. प्रशांतला कामातून वेळ नाही, सुनेला यातलं कळत नाही, माझ्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास. एक शब्द बोलले असते तर रविवारी अक्का माझ्याबरोबर गाडीत बसली असती. मी तिच्या हाताकडे पाहिलं. मिठाने चिरा पडलेला, नखं झिजलेली.

"घेतात," मी म्हटलं. "इथंही आणि पनवेललाही."

तिने सुस्कारा सोडला. इतका मोकळा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोलापुरातही घेतात अक्का," मी म्हटलं. आता माझ्याच्याने राहवेना. "चल ना. मागची खोली तुझी. मी एकटी खाते, एकटी झोपते. पन्नास वर्षं तू इथं काढलीस, आता चार वर्षं माझ्याकडे काढ. मला तू हवी आहेस ग. आई गेली तेव्हापासून हवी आहेस."

अक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला. समोरच्या रस्त्यावरून धाटावची एक बस गेली, मग दुसरी.

"मीच निवडला ना ह्यो संसार," ती म्हणाली. "अण्णा नको म्हणत होते. मग तुमच्यापुढं रडायची कशी? मी ठरवला होता, माहेरी दुखणा न्यायचा नाय. आता ती सवयच झाली. तू समोर आलीस की माझा तोंड आपोआप हसतंय."

"पण आता अण्णा नाहीत. कोण तुला काय म्हणणार आहे?"

"ता खरा." ती हसली, आणि तिचा हात माझ्या पाठीवरून केसांवर आला. "पण कुसु, तुझ्याकडं आली तर मना रोज बरा राहायला लागेल. ता आता झेपायचा नाय गो."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. बासष्ट वर्षांची बाई, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला. ती मला थोपटत होती आणि स्वतः बरी असल्यासारखीच बसली होती.

पनवेल आणि नंतर

ॲंजिओग्राफी पनवेललाच झाली. एका रक्तवाहिनीत अडथळा होता, तिथेच स्टेंट बसवला. कार्ड चाललं. दोन दिवस आत कोण थांबणार असं नर्सने विचारलं तेव्हा मीच म्हटलं, हिराबाई. मी बाहेर बाकावर बसले, चहा आणला, औषधं आणली, सह्या केल्या. भेटायच्या वेळेला आत जायचे आणि अक्का मला सांगायची, छान हाय, काय सुदिक दुखत नाय. मी म्हणायचे, हो, दिसतंय की. बाहेर आल्यावर हिराबाई सांगायच्या की रात्रभर कण्हत होती. दोन्ही ऐकून तिची तब्येत खरी कशी आहे ते मी मनाशी ठरवायचे.

सोलापूरला परतून महिना होत आला. अक्काला रोज फोन करते. ती म्हणते बरी हाय, तुझा सांग. तो फोन ठेवला की मी हिराबाईंना लावते. काल त्यांनी सांगितलं की अक्का आता बांध एका दमात चढते, गोळ्या मात्र कडू म्हणून कुरकुर करते, आणि सून रविवारी गावी येऊन आळणी जेवायला घालते तेव्हा ताट सरकवते. मला ऐकून फार बरं वाटलं. असली कुरकुर मी लहानपणानंतर ऐकली नव्हती.

मग हिराबाईंच्या आवाजाची पट्टी पहिल्यांदाच खाली आली. "बाय, संध्याकाळी बांधावर बसून ती तुमचाच विषय काढते. तुमच्या नावाने रडते पन. तुमास्नी सांगू नको बोलली हाय."

मी पदर डोळ्यांना लावला. पलीकडे हिराबाई "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. शेवटी विचारलं, "तुमी रडताव काय?"

"नाही हो," मी म्हटलं, "बरी आहे मी."